बायबलची ईश्वरप्रेरितता

बायबल माणसांनी लिहिले, पण त्यातून देव बोलतो, अशी ख्रिस्ती धर्माची धारणा आहे. या धारणेला ईश्वरप्रेरितता म्हणतात. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘परमेश्वरप्रेरित’ हा शब्द येतो. पुण्यातल्या मराठी मंडळ्यांच्या रोजच्या बोलण्यात मात्र हा जड शब्द क्वचितच ऐकू येतो. तिथे ‘वचन’ म्हणतात. पाळक वचन सांगतात, मुले संडे स्कूलमध्ये वचन पाठ करतात, आजारी माणसाच्या उशाशी बसून वचन वाचले जाते. नाना पेठेत किंवा वडगाव शेरीत एखाद्या ख्रिस्ती घरी आजीचे बायबल पाहायला मिळते. काळ्या रेक्झिनचे कव्हर, लाल कडांची पाने, सुरुवातीच्या कोऱ्या पानावर जन्माच्या, बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या तारखा आणि समासात पेन्सिलीच्या खुणा. तेविसावे स्तोत्र जिथे आहे ते पान बोटांनी मऊ पडलेले असते. या पुस्तकाला एवढा मान का, त्यामागची कारणे कोणती, हा या नोंदीचा विषय आहे.

श्वास आणि लेखणी

येशूचा प्रेषित पौल याने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (३:१६) शास्त्रलेखासाठी ‘थिओप्न्यूस्टोस’ हा ग्रीक शब्द आला आहे. त्याचा शब्दशः अर्थ देवाच्या श्वासातून आलेला. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो आणि तो जिवंत होतो. ख्रिस्ती वाचकाला तेच चित्र इथे दिसते. माती माणसाची, श्वास देवाचा. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (१:२१) संदेष्टे पवित्र आत्म्याने प्रेरित होऊन बोलले असे म्हटले आहे. तिथले मूळ क्रियापद ‘वाहून नेले जाणे’ या अर्थाचे आहे आणि प्रेषितांच्या कृत्यांत वादळात सापडलेल्या तारवाबद्दलही तेच वापरले आहे.

देहूच्या तुकोबांचा एक अभंग मराठी माणसाला इथे आठवल्याशिवाय राहत नाही. आपण आपल्या बळाने बोलत नाही, साळुंकी मंजुळ बोलते पण तिला शिकवणारा धनी वेगळाच असतो, असे ते म्हणतात. उपमा जवळची आहे, तरी बायबलच्या बाबतीत ती थोडी अपुरी पडते. बायबलचे लेखक पढवलेले बोलत नाहीत. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, आरंभीच सांगतो की आपण सगळ्याचा मुळापासून नीट शोध केला आणि मग क्रमवार लिहायला घेतले. करिंथकरांना लिहिताना पौल म्हणतो, आणखी कोणाचा बाप्तिस्मा मी केला असेल तर मला आठवत नाही. आणि शास्त्र देवाच्या श्वासातून आले असे ज्या पत्रात लिहिले, त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायात तो तीमथ्याला कळवतो की त्रोवसात कार्पाच्या घरी राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये, पुस्तकेही आण, विशेषतः चर्मपत्रे, आणि हिवाळ्याच्या आत ये. तुरुंगातल्या म्हाताऱ्याला थंडी वाजते आहे आणि तरीही ते पत्र पवित्र शास्त्रात आहे. ख्रिस्ती प्रेरिततेची कल्पना समजून घ्यायची तर या झग्यापासून सुरुवात करावी.

म्हणून मीमांसकांनी वेदांना ज्या अर्थाने अपौरुषेय म्हटले, म्हणजे कोणा माणसाने न रचलेले, त्या अर्थाने बायबल अपौरुषेय नाही. इस्लाममध्ये कुराण शब्दन् शब्द उतरलेले मानतात, तसेही बहुतेक ख्रिस्ती बायबलबद्दल मानत नाहीत. काही उतारे सांगून लिहवलेले आहेत खरे, पण बाकी स्तोत्रे, पत्रे, वंशावळ्या, विलाप, म्हणी हे सारे त्या त्या लेखकाच्या स्वभावासकट आले आहे.

आप्तवचन

‘बायबल देवाचे आहे, कारण बायबलच तसे म्हणते’ हा युक्तिवाद वर्तुळात फिरतो, ही टीका जुनी आहे आणि तेवढ्यापुरती रास्त आहे. विचारी ख्रिस्ती लेखक तो तसा मांडतही नाहीत. न्यायदर्शनात शब्दप्रमाणाची, म्हणजे दुसऱ्याच्या शब्दावरून मिळणाऱ्या ज्ञानाची, व्याख्या ‘आप्ताचा उपदेश’ अशी आहे. आप्त म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि जो खरे बोलतो असा माणूस. ख्रिस्ती युक्तिवादाची घडण जवळजवळ हीच आहे. आधी शुभवर्तमाने फक्त जुने ऐतिहासिक लेख म्हणून वाचायची. त्यांतून दिसणारा येशू, त्याची शिकवण, त्याचा क्रूसावरचा मृत्यू आणि तो पुन्हा उठला ही शिष्यांची जिवावर उदार होऊन दिलेली साक्ष तपासायची. तो आप्त ठरला, की मग शास्त्राबद्दल तो काय म्हणाला ते ऐकायचे.

आणि तो बरेच काही म्हणाला. रानात परीक्षा झाली तेव्हा त्याने तिन्ही वेळा शास्त्रवचनानेच उत्तर दिले. शास्त्रलेखाचा भंग होऊ शकत नाही, असे योहानाच्या दहाव्या अध्यायात त्याचे शब्द आहेत. नियमशास्त्रातले बारीकातले बारीक अक्षरही जाणार नाही, मराठीत म्हणायचे तर काना-मात्रासुद्धा ढळणार नाही, असे तो डोंगरावरच्या प्रवचनात म्हणतो. हे सारे जुन्या कराराबद्दल, म्हणजे येशूच्या आधीच्या हिब्रू शास्त्राबद्दल, झाले. नव्या कराराचा आधार त्याने शिष्यांना दिलेल्या अभिवचनात शोधतात. पवित्र आत्मा तुम्हाला सर्व शिकवील आणि मी सांगितलेल्याची आठवण करून देईल, असे ते अभिवचन आहे. सगळ्या कारणांत हे कारण सर्वात भक्कम आहे, कारण बाकीची कारणे पुस्तकाबद्दल बोलतात आणि हे एका व्यक्तीवर उभे आहे. अर्थात पुनरुत्थान ज्याला पटले नाही, त्याच्यापुढे ही साखळी पहिल्याच कडीला थांबते.

भविष्यकथन

मीखाच्या पुस्तकात इस्राएलाचा अधिपती बेथलेहेमातून निघेल असे म्हटले आहे. यशयाच्या ५३व्या अध्यायात दुसऱ्यांच्या अपराधांसाठी घायाळ झालेला, कापायला नेलेल्या कोकरासारखा गप्प राहिलेला सेवक आहे. पुण्यात शुभ शुक्रवारच्या उपासनेला हा अध्याय वाचतात तेव्हा मंडळीला तो क्रूसाजवळ उभे राहून लिहिल्यासारखा वाटतो. हे लिखाण मागाहून घुसडले असेल ही शंका १९४७ नंतर उरली नाही. त्या वर्षी मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत मेंढपाळांना जी गुंडाळी सापडली, तिच्यात यशयाचे ६६ अध्याय आहेत. ती सात मीटरांहून लांब आहे आणि येशूच्या जन्माआधी शंभर-सव्वाशे वर्षे लिहिलेली आहे.

अर्थ कसा लावायचा हा प्रश्न त्याने सुटत नाही. कॅम्पातल्या लाल देवळात, म्हणजे डेव्हिड ससून यांनी बांधवलेल्या सिनेगॉगमध्ये, हेच हिब्रू शास्त्र देवाचे म्हणून जपले जाते, आणि ज्यू परंपरेत तो दुःखी सेवक म्हणजे बहुधा इस्राएल राष्ट्रच मानले जाते. इराणच्या कोरेश राजाचे नाव यशयात आगाऊ आले, हा मुद्दाही प्रवचनांत आवडीने सांगतात. पण तो भाग ज्यूंच्या बाबेलातल्या बंदिवासाच्या काळात, कोरेशाच्याच वेळी, लिहिला गेला असे बरेच अभ्यासक मानतात, तेव्हा त्यावर फार भार टाकू नये.

लपवाछपवी नाही

आपल्याकडे बखरी वाचणाऱ्याला धन्याची बाजू सावरणारा बखरकार चांगला परिचयाचा असतो. त्या डोळ्यांनी शमुवेलाचे दुसरे पुस्तक वाचावे. दावीद हा इस्राएलाचा सर्वात लाडका राजा. त्याने उरीयाची बायको बथशेबा हिच्याशी व्यभिचार केला आणि उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवले. नाथान संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहून गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगतो. राजा संतापून त्या श्रीमंताला शिक्षा फर्मावतो आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच आहेस. ही हकिगत राजाच्याच प्रजेने पिढ्यान्पिढ्या उतरवून काढली. पेत्राने कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा येशूला नाकारले, तेही चारही शुभवर्तमानांत आहे, आणि पेत्र तर मंडळीचा पुढारी. इतका उघडावाघडा खरेपणा माणसाच्या नुसत्या सोयीतून येत नाही, असे ख्रिस्ती वाचक म्हणतो.

याच्या जोडीला एकसूत्रतेचा मुद्दा येतो. परंपरेप्रमाणे सुमारे १,५०० वर्षांत चाळीसेक लेखकांनी हिब्रू, अरामी आणि ग्रीक या तीन भाषांत लिहिलेली ही पुस्तके आहेत. राजा, मेंढपाळ, कोळी, जकातदार, वैद्य असे त्यांचे लेखक. तरीही उत्पत्तीत हरवलेली बाग प्रकटीकरणाच्या शेवटी पुन्हा दिसते.

हस्तलिखिते आणि उत्खनन

हा भाग पुणेकराला लवकर समजतो, कारण भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच पद्धतीने तयार झाली. हस्तलिखिते जमवायची, त्यांची कुळे लावायची, पाठभेद तळटीपांत नोंदवायचे. नव्या कराराची पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखिते उपलब्ध आहेत. मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयात तळहाताहून लहान असा पपायरसचा एक तुकडा आहे. त्यावर योहानाच्या १८व्या अध्यायातल्या ओळी आहेत आणि तो बहुतेकांच्या मते दुसऱ्या शतकातला आहे. पाठभेद पुष्कळ आहेत, पण बहुतेक वर्णलेखनाचे आणि शब्दक्रमाचे. मोठे दोन आहेत. मार्काच्या शेवटच्या बारा ओव्या आणि योहानातली व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट सर्वात जुन्या प्रतींत नाही, आणि आजच्या अनेक आवृत्त्या तशी खूण करतात.

उत्खननाने काही नावांना दगडाचा आधार दिला. कैसरियात १९६१ साली येशूला क्रूसाची शिक्षा देणारा रोमी अधिकारी पंतय पिलात याचे नाव कोरलेला शिलाखंड निघाला. तेल दान येथे १९९३ साली ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख मानला जाणारा लेख मिळाला. या शोधांचे मोल मोठे आहे, पण त्यांच्याकडून किती अपेक्षा करावी याचे भान हवे. मजकूर नीट उतरला आणि त्यातली माणसे खरीच होऊन गेली, एवढे हस्तलिखिते आणि दगड सांगू शकतात. तो मजकूर देवाचा आहे हे सांगणे त्यांच्या हातचे नाही. व्यासपीठावरून ही मर्यादा पुष्कळदा ओलांडली जाते, आणि त्याने श्रद्धेचे भले होत नाही.

यिर्मयाच्या ३६व्या अध्यायात टिकाव धरण्याची दुसरीच गोष्ट आहे. यिर्मया तोंडाने सांगतो आणि बारूख शाईने गुंडाळीत लिहितो. हिवाळ्याचे दिवस, यहोयाकीम राजासमोर शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा ते चाकूने कापतो आणि विस्तवात टाकतो. सगळी गुंडाळी जळते. मग यिर्मया दुसरी गुंडाळी घेतो, बारूख पुन्हा लिहितो आणि मजकुरात आणखी भर पडते. डोहातून वह्या कोरड्या वर आल्याची कथा ऐकत वाढलेल्या माणसाच्या हे लक्षात येईल की इथे कागद वाचलेला नाही. वचन वाचले आहे, आणि तेही पुन्हा माणसाच्याच हातून.

आत्म्याची साक्ष

प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विनने सोळाव्या शतकात ठासून सांगितले की बाहेरचे पुरावे कितीही जमवले तरी शेवटी वाचणाऱ्याच्या अंतःकरणात पवित्र आत्माच खात्री पटवतो. पुण्याच्या प्रार्थनासभांत यालाच ‘साक्ष’ म्हणतात. एखादी बाई उठून सांगते की अमुक रात्री अमुक वचन माझ्याशी बोलले.

पंडिता रमाबाईंची साक्ष लिखित आहे. संस्कृत शास्त्रांत मुरलेली ही विदुषी १८८३ साली इंग्लंडला गेली. तिथे पतित स्त्रियांसाठी चालवलेले आश्रयगृह तिने पाहिले आणि अशा बायकांची कोणी एवढी काळजी का घेते असे विचारले. उत्तरादाखल तिला योहानाचा चौथा अध्याय मिळाला. पाच नवरे झालेल्या शोमरोनी बाईशी येशू विहिरीवर बोलतो तो प्रसंग. रमाबाईंनी म्हटले आहे की तो वाचून त्यांना ख्रिस्ताची थोरवी कळली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला, डोंगरावरच्या प्रवचनापाशी त्यांचे मन अडकले आणि १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. असा अनुभव दुसऱ्याला सिद्ध करून दाखवता येत नाही. तरी प्रत्यक्षात माणसे विश्वास ठेवतात ती बहुतेक याच कारणाने, आणि बाकीची कारणे मागाहून तपासतात.

मतभेद

प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलात ७३. नव्या कराराची २७ पुस्तके दोघांची एकच आहेत. आज आहे तशी ही यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या इ.स. ३६७ च्या पत्रात मिळते. चूक कशाला म्हणायचे यावरही दोन सूर आहेत. शिकागो येथे १९७८ साली प्रोटेस्टंट विद्वानांनी काढलेल्या निवेदनात मूळ लेख सर्वच बाबतींत निर्दोष मानले आहेत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली देव हा शास्त्राचा कर्ता आणि माणसे खरीखुरी लेखक असे सांगून तारणासाठी आवश्यक सत्यावर भर दिला. यवतमाळहून १९८३ साली बिबवेवाडीला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि नगर रस्त्यावरचे कॅथलिक ज्ञानदीप विद्यापीठ यांमुळे दोन्ही परंपरांचे अध्ययन पुण्यात चालते.

भाषांतरही वचनच

वेदमंत्राचे भाषांतर मंत्र होत नाही आणि कुराणाचा अनुवाद नमाजात चालत नाही. ख्रिस्ती उपासनेत मात्र मराठीत वाचलेला उताराही देवाचे वचनच असतो. श्वास एका भाषेला बांधलेला नाही, अशी त्यामागची समजूत आहे. मग भाषांतर करणाऱ्याची जबाबदारी फार वाढते. पुणे जिल्ह्यात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी ती उचलली. हाताशी असलेली मराठी बायबले खेड्यातल्या बायकांना जड जातात असे त्यांना वाटे, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून सोप्या मराठीत सगळे बायबल नव्याने उतरवले. आयुष्याची शेवटची बरीच वर्षे त्यात गेली. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, आश्रमातल्या बायकांच्या हातून झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, आणि त्यांचे बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.