हवाई वाहतूक व्यवस्थापन

विमानांत सुरक्षित अंतर राखणे, त्यांना मार्ग व उंची नेमून देणे आणि विमानतळांची क्षमता पाहून वाहतुकीचा ओघ आवरणे, या कामांची एकत्रित व्यवस्था. भारतात ती मुख्यतः भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. मुंबई व बंगळूर विमानतळांना जोडणारी सरळ रेषा सातारा शहरावरून आणि पुढे मिरजेजवळून जाते. हे आकाश मुंबई उड्डाण माहिती क्षेत्रात, म्हणजे विमानांना मुंबईहून माहिती व सूचना देण्यासाठी आखलेल्या आकाशाच्या विभागात मोडते.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर दोन विमानांची धडक होऊन ३४९ जण ठार झाले. त्यानंतर भारतात विमानांवर धडकरोधक यंत्रणा सक्तीची झाली. २००३ पासून २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात दोन विमानांमधील उभे अंतर २,००० फुटांवरून १,००० फुटांवर आले आणि त्याच आकाशात जादा विमाने मावू लागली. २०१७ पासून देशभराचा ओघ दिल्लीतून एकत्रितपणे आखला जातो. मुंबईत गर्दी असेल, तर विमान घिरट्या घालत इंधन जाळण्याऐवजी निघण्याच्या ठिकाणीच थांबते.

संशोधनाची खरी गरज मात्र खालच्या थरात आहे, आणि सातारा-सांगली हे त्याचे उत्तम उदाहरण. रडारच्या लहरी सरळ जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे मुंबईच्या रडारला सुमारे १९५ किलोमीटरवरील साताऱ्यावर साधारण साडेसात हजार फुटांखालचे विमान दिसणे कठीण. त्यात सह्याद्रीच्या रांगा आडव्या. कराडजवळच्या विजयनगर धावपट्टीवर उडणारी छोटी विमाने याच थरात असतात. सांगलीजवळच्या कवलापूरला विमानतळ व्हावा, ही मागणीही जुनी आहे. कृष्णाकाठच्या उसावर फवारणी करणारे ड्रोन त्याहून खाली उडतात; २०२१ च्या नियमांनुसार हरित क्षेत्रात, म्हणजे ड्रोनच्या नकाशावर निर्बंध नसलेल्या भागात, ४०० फुटांपर्यंत त्यांना उड्डाणाची परवानगी लागत नाही. वैमानिक असलेली विमाने आणि ड्रोन यांना एकमेकांची जागा कळावी कशी, हा प्रश्न जगभर अभ्यासला जात आहे.

विमानाने उपग्रहाच्या साहाय्याने स्वतःचे स्थान ठरवून ते सतत प्रसारित करायचे, हा एक मार्ग. जमिनीवरील ग्राहक यंत्र रडारपेक्षा कितीतरी स्वस्त असल्याने ते डोंगरमाथ्यावरही बसवता येते. भारताची ‘गगन’ प्रणाली उपग्रहीय स्थानातील चूक कमी करते. पण खोट्या संकेतांनी हे स्थान फसवता येते. म्हणून रडार मोडीत काढणे धोक्याचे ठरेल. लष्करी व नागरी विमानांनी आकाश वाटून घेण्याचा प्रश्न वेगळा. पुण्याचे लोहगाव हा हवाई दलाचा तळ असल्याने तो या भागालाही लागू होतो.