शाळेचा खर्च कुणी उचलायचा?

खासगी शाळा म्हटलं की आज डोळ्यांसमोर फीचा आकडा येतो. महाराष्ट्रात एकेकाळी ती समाजाने उभी केलेली शाळा असायची, आणि सरकारशी तिचं नातं अनुदानाचं होतं. १८५४ च्या वुडच्या खलित्यातून, म्हणजे ब्रिटिशांच्या शिक्षणधोरणाच्या दस्तऐवजातून, ही पद्धत आली. शाळा संस्थेने चालवायची, खर्चाचा काही वाटा सरकारने उचलायचा.

वाटा कुणासाठी, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२ साली ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे मांडला. महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना, हा त्यांचा आक्षेप होता. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी मागितलं. आयोगाने प्राथमिक शाळा नगरपालिका आणि लोकल बोर्डांकडे सोपवायला सांगितलं. सक्तीच्या शिक्षणाचं गोखल्यांचं १९११ चं विधेयकही पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड!

दोनच वर्षांनी भाऊराव पाटलांनी काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. मुष्टिफंडासाठी घरोघरी मूठभर धान्य बाजूला निघे. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. हीसुद्धा खासगी शाळाच, हे आपण विसरता कामा नये.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यांत घडी बसली: सुरुवातीला झेडपीची शाळा, पुढे संस्थेचं हायस्कूल, मास्तरांचा पगार सरकारचा. माझ्या मते राज्याची खरी कमाई हीच.

घडी मोडली ती 'विनाअनुदानित' या शब्दाने. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट दिली. मग 'कायम विनाअनुदानित' शाळा आल्या, म्हणजे अनुदान कधीच न मागण्याच्या अटीवरच्या. पुढे 'कायम' गेलं, पण अनुदानाच्या वीस टक्क्यांच्या टप्प्यासाठी शिक्षकांना वर्षानुवर्षं आझाद मैदानात बसावं लागलं. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सगळा खर्च स्वतःच उचलणाऱ्या, शाळांना दार उघडलं.

त्याआधीच, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखल्या होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला सूट. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.