ऑडिओ किट आणि सोल्डरची तार: शिशाच्या वादाची पार्श्वभूमी

घरी अँप्लिफायर जोडताना सोल्डरची, म्हणजे भाग जोडायला वितळवतात ती, तार शिशाची असावी की बिनशिशाची, हा वाद जुना आहे. त्याची मुळं किटच्या इतिहासात आहेत. सुटे भाग आणि जोडणीचा कागद एका खोक्यात घालून किट म्हणून विकायची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. १९४७ साली एका अमेरिकी कंपनीने युद्धात उरलेल्या मालातून ऑसिलोस्कोपचं किट काढलं, मागोमाग व्हॉल्व्हचे अँप्लिफायर आले. छापील बोर्ड नव्हते. टॅगस्ट्रिपवर, म्हणजे धातूचे कान असलेल्या पट्टीवर, भाग टांगून सोल्डरचे टाके घालायचे. १९९२ मध्ये त्याच कंपनीने किटं बंद केली, कारण तयार वस्तू किटपेक्षा स्वस्त पडू लागली होती.

आपल्याकडे खरी धामधूम आयसीसोबत, म्हणजे अख्खं सर्किट पोटात असलेल्या चिपसोबत आली. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली आणि तिथे मिळणारे एलएम ३८६, टीबीए ८१०, टीडीए २०३०, एलए ४४४० या अँप्लिफायरच्या आयसींचे बोर्ड. १९८० च्या दशकात कॅसेट घरोघरी पोचली आणि डेकला जोडायला अँप्लिफायर हवा झाला. गल्लोगल्ली ‘४४४० चा बोर्ड’ बनू लागला तो त्या गरजेपोटी. १३.२ व्होल्टवर तो स्टिरिओत चॅनेलमागे ६ वॅट देतो आणि ब्रिज जोडणीत, म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवताना, १९. खोक्यावर मात्र १०० किंवा २०० छापलेलं असे.

याच काळातली एक चूक आजही जशीच्या तशी होते. टीडीए २०३० च्या किटला सर्रास १२-०-१२ चा, म्हणजे मधल्या शून्याच्या दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर सुचवलेला असतो. कागदावर हिशेब बसतो: १२ गुणिले १.४१४, वजा डायोडचे ०.७, म्हणजे ±१६ व्होल्ट. पण मेन्स, म्हणजे घरची वीज, २५० व्होल्टवर गेली आणि भार नसताना छोट्या ट्रान्सफॉर्मरने दहा टक्के जास्त दिले, की रेल, म्हणजे आयसीला मिळणारा धन-ऋण पुरवठा, १९ च्या पुढे जाते. या आयसीची कमाल मर्यादा ±१८. आवाज न वाढवता, नुसता चालू ठेवलेला बोर्ड रात्री उडतो, त्याचं कारण बहुधा हेच. एकतर ±२२ पर्यंत सोसणारा टीडीए २०३०ए घ्यावा, नाहीतर ९-०-९ चा ट्रान्सफॉर्मर. शिवाय आयसीची पाठ ऋण रेलला जोडलेली असते. अभ्रक न घालता हीटसिंक चॅसीला कसला, तर पहिल्याच क्षणी फ्यूज जातो. पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या वाटेत ६० वॅटचा सिरीज बल्ब लावायची रीत अशाच चुकांत कामी येते.

या बोर्डांचा पाया फिनॉलिक, म्हणजे तपकिरी हायलम. तांब्याची पट्टी त्याला नुसती चिकटवलेली असते. टाक्यावर कावीया, म्हणजे सोल्डर वितळवणारी तापती सळई, फार वेळ टेकला की पॅड, म्हणजे टाक्याखालची तांब्याची टिकली, उखडून वर येते. पुढच्या वादात ही गोष्ट कळीची ठरते.

युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बाजारात येणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या टाक्यांतून शिसं हद्दपार केलं. भारतात ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून आले आणि शिशाची मर्यादा त्यानंतर दोन वर्षांनी लागू झाली. निर्णयाचा रोख कचऱ्यावर होता: फेकलेले बोर्ड जाळले किंवा पुरले की शिसं माती-पाण्यात उतरतं. तो रोख चुकीचा नव्हता. गोंधळ झाला तो नियम कुणाला लागू आहे, यावरून. बंधन वस्तू बाजारात आणणाऱ्यावर आहे. घरी स्वतःसाठी अँप्लिफायर जोडणाऱ्याने कोणती तार वापरावी, हे त्यात कुठेच नाही. तरी ‘शिसं बेकायदा झालं’ ही समजूत पसरली आणि किटवाल्यांनी पुडक्यात बिनशिशाच्या तारेची गुंडाळी टाकायला सुरुवात केली.

इथे थोडं आकड्यांत बोललेलं बरं. ६३/३७ ची, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेली तार १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते. ६०/४० ला पाच-सात अंशांची मधली लापशी अवस्था असते. बिनशिशाची, चांदी-तांबं घातलेली नेहमीची तार २१७ ते २२० ला वितळते, स्वस्तातली कथील-तांब्याची २२७ ला. म्हणून बिट, म्हणजे कावीयाचं टोक, ३५० ऐवजी ३८० च्या आसपास ठेवावा लागतो. नवशिक्या आणि हायलमचा बोर्ड एकत्र आले की तिथेच पॅड उखडतात. ग्लास इपॉक्सीचा बोर्ड हे सहज सोसतो. जास्त कथिलामुळे बिटवरचा लोखंडाचा थरही लवकर झिजतो. आणि ‘टाका चकचकीत तर चांगला’ हा जुना नियम बिनशिशाला लावता येत नाही. त्याचा निर्दोष टाकाही मळकट दिसतो. तो ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका, समजून पुन्हा तापवला, की धड असलेला टाका बिघडतो. चमक सोडा, कडा पाहा: सोल्डर पॅडवर उतरत जाऊन पसरलेलं हवं, गोळा होऊन बसलेलं नको.

धुराचा मुद्दा नेहमी शिशाच्या माथी मारला जातो. ३५० अंशांना शिशाची वाफ होत नाही. नाकात जातो तो तारेच्या पोटातल्या राळेचा धूर, आणि तो बिनशिशाच्या तारेतही असतोच. राळेने दम्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून पंखा दोन्हींना हवा. शिसं शरीरात जातं ते बोटांवाटे: तार हाताळून तसंच वडापाव खाल्ल्याने. साबणाने हात धुणं आणि टेबलावर खाणं टाळणं हे इथे तारेच्या निवडीइतकंच महत्त्वाचं. शाळेतल्या मुलांच्या कार्यशाळेत मात्र बिनशिशाची तारच द्यावी, त्यात वाद नको.

प्रमाणही पाहावं. शंभर टाक्यांना ०.७ मिमीची साधारण ३५ सेंमी तार लागते. वजन ग्रॅमभर, त्यात शिसं अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत ते किलोंनी असतं. बॅटरी परत घेण्याची व्यवस्था निराळी, हे खरं. पण किटवर इतकी शाई खर्च करणाऱ्यांना हा आकडा क्वचितच आठवतो.

यापेक्षा मोठी फसवणूक बाजारातल्या बिननावाच्या रिळात आहे. कथील महाग, शिसं स्वस्त, त्यामुळे ६०/४० छापलेल्या तारेत प्रमाण उलटं निघू शकतं. चाळीस टक्के कथिलाची तार १८३ ला मऊ होते, पण पूर्ण वितळायला सुमारे २३८ लागतात. या पन्नासेक अंशांत टाका थंड होताना सुट्या भागाचा पाय जरा हलला, की ड्राय सोल्डर ठरलेलं. असा बोर्ड आज वाजतो आणि तापल्यावर दोन महिन्यांनी खरखरतो. तपासायची सोपी खूण: तारेचा थेंब गोठताना बराच वेळ चिखलासारखा राहिला तर रीळ परत करावं. दोन टक्के चांदीच्या तारेने आवाज उजळतो, असंही ऐकू येतं. ती तार चांदीचा मुलामा असलेल्या पॅडसाठी बनली, मुलामा सोल्डरमध्ये विरघळू नये म्हणून. कानाशी तिचा संबंध नाही.

जुन्या बोर्डाच्या दुरुस्तीत दोन्ही तारा मिसळल्या तरी बहुधा चालतं. बिस्मथ असलेली कमी तापमानाची तार मात्र शिशाच्या टाक्यावर वापरू नये. मिश्रणाचा काही भाग ९६ अंशांनाच वितळतो, आणि पॉवर ट्रान्झिस्टरचे पाय तितके तापू शकतात.

गेल्या दशकात क्लास-डी, म्हणजे आउटपुट झपाट्याने चालू-बंद करून कमी तापणारा अँप्लिफायर, आला आणि ‘किट’ शब्दाचा अर्थच बदलला. टीपीए ३११६ सारखी चिप २१ व्होल्टवर ४ ओहममध्ये चॅनेलमागे ५० वॅट देते, पण तिचे पाय इतके बारीक की बोर्ड कारखान्यातूनच जोडून येतो. विकत घेणाऱ्याकडे उरतात सप्लाय, व्हॉल्यूम आणि स्पीकरच्या मोजक्या तारा. इथे एक जुनी सवय नडते: ४४४० च्या स्टिरिओ जोडणीत दोन्ही स्पीकरची ऋण तार ग्राउंडला असायची. या चिपमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर आउटपुट असतं, ग्राउंडला एकही नसते. ऋण टोकं एकत्र बांधली तर उत्तम टाक्यांचा बोर्डही लगेच प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो.