डोळे भरून आले, पुढे काय?

३ जानेवारीला, सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीदिवशी, महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत एक भाषण हमखास होतं. सहावी-सातवीतली मुलगी माइकपुढे येते आणि पोटातल्या गर्भाच्या तोंडून बोलू लागते, "आई गं, मला मारू नकोस, मलाही हे जग बघायचंय." सभागृह चिडीचूप होतं, पदर डोळ्यांना लागतात. अशा बोलण्याला 'नुसतं भावनिक' म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. मुलींच्या बाजूने बोलायचं तर भावना हवीच. मात्र ती कोणती आणि कुणाकडे रोखलेली, यावर बरंच अवलंबून असतं.

भावनेने सांगितलेलं लक्षात राहतं, याला शारीरिक कारण आहे. १९९४ साली लॅरी केहिल, जेम्स मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना स्लाइड दाखवत एक गोष्ट सांगितली. आई आणि मुलगा रुग्णालयात काम करणाऱ्या वडिलांना भेटायला निघतात. एका गटाच्या गोष्टीत वाटेत मुलाला भीषण अपघात होतो, दुसऱ्यात विशेष काही घडत नाही. आठवड्याने विचारलं, तेव्हा अपघाताचा भाग लोकांना जास्त चांगला आठवत होता. पण ज्यांना आधी प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं, त्यांच्या बाबतीत हा फरक नाहीसा झाला. हे औषध अॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखतं. म्हणजे मन हेलावतं तेव्हा ही द्रव्यं मेंदूतल्या अमिग्डला या भावनांशी निगडित भागामार्फत स्मृतीला जणू बजावतात, की हे जपून ठेव.

लक्षात राहिलं, पण हात पुढे येतो का? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांच्या प्रयोगात अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना एका पाहणीचे पाच डॉलर मिळाले आणि त्यातून हवं तर दान द्या, असं सांगण्यात आलं. काहींच्या हाती आफ्रिकेतल्या उपासमारीची आकडेवारी दिली. काहींना मालीतल्या सात वर्षांच्या रोकिया या मुलीचा फोटो आणि चार ओळींची माहिती दिली. आकडेवारी वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियाबद्दल वाचणाऱ्यांनी २.३८. आणि रोकियासोबत आकडेवारीही दिली, तेव्हा दान १.४३ वर घसरलं. एका मुलीसाठी जे आतून हललं होतं, ते आकड्यांशेजारी येताच थंडावलं. आपल्या कार्यक्रमांत मुलीची गोष्ट संपते न संपते तोच वक्ते जनगणनेचा तक्ता वाचू लागतात. तो तक्ता धोरण ठरवणाऱ्यांसाठी अत्यंत महत्त्वाचा आहे, पण त्या क्षणी तो घात करतो.

आकड्यांचा आणखी एक धोका मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी अमेरिकेतल्या अॅरिझोनामध्ये दाखवला. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात पर्यटक लाकडाचे जीवाश्म पळवत. 'याआधी अनेकांनी ते नेले आणि जंगलाची हानी झाली' अशी हळहळ व्यक्त करणारी पाटी लावली, तेव्हा मुद्दाम ठेवलेल्या खुणेच्या तुकड्यांपैकी जवळपास ८ टक्के चोरीला गेले. 'कृपया नेऊ नका' अशा साध्या पाटीवर २ टक्क्यांहून कमी. सगळेच करतात, हे कळलं की अपराधाचं ओझं हलकं होतं. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४. हे सांगायलाच हवं; पण 'घरोघरी हेच चाललंय' अशा सुरात सांगितलं, तर ऐकणाऱ्या सासऱ्याला त्यात दिलासाच मिळायचा.

आता त्या भाषणाकडे पुन्हा बघू. ते बोलतं कुणाशी? आईशी. सोनोग्राफीचा आग्रह बहुतेकदा जिचा नसतो, 'नको' म्हणण्याची ताकद घरात जिच्याकडे सर्वांत कमी असते, तिच्याशी. नवरा, सासू-सासरे आणि कायदा मोडणारा डॉक्टर मोकळे सुटतात. 'मुलगी नसेल तर सून कुठून आणाल' ही घोषणाही मला खटकते. तिच्यात मुलीची किंमत आहे ती दुसऱ्या कुणाच्या उपयोगापुरतीच.

याहून फार वेगळी भावना १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आली होती. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. डोक्यावर छप्पर नसलेल्या बाळंतिणींचे थंडी-पावसातले हाल तिने मांडले. पण ती दया मागत नाही. ती जाब विचारते, आणि आपल्या माणसांना शिकायला सांगते. रोकियाबद्दल दुसऱ्यांनी लिहिलं होतं. मुक्ताने स्वतः लिहिलं.

मुलगी आणि मुलगा दोघांनाही बोलतं केलं तर काय होतं, हे हरियाणात पाहिलं गेलं. दिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन यांनी ३१४ सरकारी शाळांचा अभ्यास केला. त्यातल्या काही शाळांत ब्रेकथ्रू या संस्थेने 'तारों की टोली' हा उपक्रम अडीच वर्षं चालवला. सातवीपासूनची मुलं-मुली पाऊण तासाच्या तासिकांत घरातल्या कामांबद्दल, शिक्षणाबद्दल, वाट्याला येणाऱ्या भेदभावाबद्दल आपसांत चर्चा करत. मुलींना कमी लेखणारी सुमारे १६ टक्के मतं पालटली आणि हा बदल उपक्रम थांबल्यावर दोन वर्षांनीही टिकून होता. वागण्यातला फरक मुलग्यांमध्ये जास्त दिसला. घरातली कामं आपण आता अधिक करतो, असं त्यांनी सांगितलं.

म्हणून पुढच्या ३ जानेवारीला शाळांनी गर्भाच्या भाषणाऐवजी वर्गातल्या मुलींना स्वतःबद्दल लिहायला सांगावं, आणि ते ऐकायला वडिलांना पहिल्या रांगेत बसवावं. वाचन झाल्यावर मुलग्यांना विचारावं, आज घरी भांडी कोण घासणार?