मोटारदुरुस्ती प्रशिक्षण

मोटारगाड्यांची देखभाल, बिघाड शोधणे व दुरुस्ती यांचे हातकाम शिकवणारे व्यवसायशिक्षण. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील (आयटीआय) ‘मेकॅनिक मोटार व्हेइकल’ हा दहावीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम ही त्याची एक वाट. गॅरेजात मिस्त्रीच्या हाताखाली शिकणे ही दुसरी आणि जुनी. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’ (उस्ताद) यावरून आल्याचे बहुतेक कोशकार मानतात.

संस्थात्मक प्रशिक्षणाच्या आरंभाबद्दल मतभेद आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या सुमारास, तंत्रकामगार घडवण्याची सरकारी योजना निघाली आणि पुढे बेव्हिन योजनेखाली निवडक भारतीय कारागीर ब्रिटनमध्ये शिकून आले. उगम तिथपर्यंत मागे नेता येतो. पण त्या योजना युद्धाच्या गरजेपोटी निघाल्या होत्या. नागरी व्यवसायासाठीचे कायम प्रशिक्षण केंद्र सरकारच्या १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेने उभे केले, म्हणून तेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १९५६ मध्ये राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद आली, तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यांची व कार्यशाळांची दारे उघडली. महाराष्ट्रात एसटीची आगारे व दापोडी, चिकलठाणा, हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा यांमुळे या कामाला मोठे क्षेत्र मिळाले.

आयटीआयत इंजिनाआधी कानस हाती येते. लोखंडी तुकडा घासायचा, गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) लावून उजेडाकडे धरायचा. फट दिसली की पुन्हा घासायचा. पुढे टॅपेट लावणे (झडप व तिला दाबणारा रॉकर यांतील अंतर जुळवणे) शिकवतात, आणि हाताची खरी परीक्षा तिथेच होते. १-३-४-२ या ज्वलनक्रमाच्या (सिलिंडरांत इंधन पेटण्याच्या क्रमाच्या) इंजिनात चौथ्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा एकाच वेळी हलू लागल्या (एक मिटत व दुसरी उघडत असताना) की पहिल्याच्या दोन्ही पूर्ण मिटलेल्या असतात. तेव्हा पहिल्याचे अंतर लावायचे. रॉकर आणि झडपेच्या टोकामध्ये फीलर गेजची (फट मोजण्याच्या साधनाची) ठरावीक जाडीची पत्ती किंचित अडत सरकली पाहिजे. चेकनट आवळताना स्क्रू फिरून अंतर बदलते, म्हणून आवळल्यावर पत्ती पुन्हा घालून पाहावी लागते. ‘किंचित अडत’ म्हणजे किती, हे पुस्तकात सापडत नाही. निदेशकाने लावलेल्या टॅपेटवर तीच पत्ती स्वतः सरकवून पाहिल्यावर ते कळते. हायड्रॉलिक टॅपेटच्या (तेलाच्या दाबाने अंतर आपोआप भरून काढणाऱ्या) इंजिनांत हे काम उरत नाही.

गॅरेजातला पोऱ्या सुटे भाग धुण्यापासून सुरुवात करतो. गाडीखालून मिस्त्रीचा हात बाहेर आला की ‘बारा-तेरा’ की ‘चौदा-पंधरा’, हे न विचारता योग्य पाना त्यात ठेवता येणे ही त्याची पहिली पायरी.

एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही वाहनांच्या धुराची मानके लागू झाल्यावर सेन्सर, वायरिंग व स्कॅनर यांचे महत्त्व वाढले. मात्र स्कॅनर दोषाचा संकेतांक दाखवतो. सेन्सर बिघडला की त्याची तार तुटली, हे मल्टिमीटर लावूनच ठरवावे लागते, आणि प्रशिक्षणात या सरावाला अधिक वेळ मिळायला हवा. गॅरेजात शिकलेल्यांच्या कौशल्याला परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत (२०१५) करण्यात आली.