पार्श्वभूमी : नागपुरात ऊन लागलेल्या माणसावरचा उपचार कसा बदलत गेला

उन्हाळा तापू लागला की नागपूरच्या 'मेडिकल'मध्ये आणि 'मेयो'त, म्हणजे शहरातल्या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांत, ऊन लागलेल्यांसाठी काही खाटा वेगळ्या काढल्या जातात. जादा कूलर येतात, बर्फाची सोय होते आणि दारावर पाटी लागते : कोल्ड वॉर्ड. बाहेरगावच्या माणसाला हे नाव चमत्कारिक वाटतं, नागपूरकराला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ऊन लागणं हा इथला जुनाच आजार. पण ऊन लागलेल्या माणसाचं नेमकं काय बिघडतं आणि त्याला आधी काय करायचं, याबद्दलची समजूत गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा पालटली. गंमत म्हणजे पालटलेली प्रत्येक समजूत शहरात कुठे ना कुठे अजून नांदते आहे.

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात पक्की समजूत वाळ्याच्या ताटीची. दाराखिडकीला वाळ्याची ताटी बांधायची, तिच्यावर पाणी मारत राहायचं आणि बाहेरची लू तिच्यातून गाळून घरात घ्यायची. आजचा लोखंडी कूलर हे याच ताटीचं पंपावर चालणारं रूप. त्याच्या तिन्ही बाजूंच्या जाळ्यांनाही इथे ताट्याच म्हणतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढली जाते. मे महिन्यातल्या दुपारी इथल्या हवेत आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली असते, म्हणून ४५ अंशांची हवा ओल्या ताटीतून आली की तिचा पारा तिशीच्या खाली उतरू शकतो. मुंबईत हा प्रयोग फसतो तो हवा आधीच ओली असते म्हणून.

माणसाच्या अंगावरचा घाम म्हणजेही ताटीच. उन्हात कष्ट करणाऱ्याला तासाला एक लिटरहून जास्त घाम येऊ शकतो. हवा त्वचेपेक्षा गरम झाली, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या वर गेली, की शरीराला उष्णता बाहेर टाकायला घामाच्या वाफेखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. पाणी संपलं, वय झालं, हृदय कमकुवत असलं किंवा घाम कमी करणारी औषधं चालू असली की ताटी कोरडी पडते. मग आतली उष्णता साचत जाते आणि ४० अंशांच्या पुढे मेंदू, यकृत, मूत्रपिंड, रक्त गोठण्याची यंत्रणा असं एकेक ढासळू लागतं.

हे साधं गणित इंग्रजी वैद्यकाला बराच काळ पटलं नव्हतं. हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या अंमलदारांच्या डोक्यात बसलं होतं की घात सूर्याच्या किरणांमुळे होतो आणि ते किरण डोक्यातून व पाठीच्या कण्यातून शिरतात. म्हणून जाड सोला टोपी आली आणि कण्यावर बांधायच्या गाद्याही आल्या. म्हणजे ज्या पाठीवरून घाम वाळायला हवा, तिच्यावरच जाड कापड. टोपीचा सावलीपुरता उपयोग होता. गादीचा तर तोटाच होता. तरी या समजुतीचं एक शेपूट आजही उरलं आहे : 'उन्हात गेलाच नाही, मग ऊन कसं लागेल?' टिनाच्या छपराखालच्या खोलीत, बंद पडलेल्या पंख्याखाली झोपलेल्या म्हातारीला उष्माघात होतो तेव्हा घरच्यांना तो ओळखू येत नाही, तो याच शेपटामुळे.

समजूत बदलली ती खाणींमुळे. १९०५ साली ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खोल, दमट खाणींतली निरीक्षणं मांडली. खाणीत ऊन नव्हतंच. तरीही वारा नसताना ओला पारा, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा, ३१ अंशांच्या वर गेला की माणसाच्या शरीराचं तापमान चढायला लागे. कोरडा पारा किती आहे याला फारसं महत्त्व नसे. पुढे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ब्रिटिश आणि हिंदी सैनिक उष्माघाताने मोठ्या संख्येने मेले. तेव्हा तिथे उष्माघाताची खास ठाणी उभी राहिली : बर्फ, ओल्या चादरी, पंखे. आजच्या कोल्ड वॉर्डाची वंशावळ इथून सुरू होते असं म्हणायला हरकत नाही. ऊन, ओला पारा आणि वारा एकत्र मोजणारा डब्ल्यूबीजीटी हा निर्देशांक १९५७ सालचा. तोही सैन्याच्याच गरजेतून आला.

बर्फाच्या पाण्यात बुडवायचं की भिजवून वारा घालायचा, हा वाद मात्र पुढची अनेक दशकं चालला. बुडवण्याविरुद्धचा आक्षेप वरवर रास्त वाटतो : गार पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, थरथर सुटते, म्हणजे उष्णता उलट आतच कोंडेल. या विचाराने १९८० मध्ये वाइनर आणि खोगली या संशोधकांनी मक्केच्या यात्रेकरूंसाठी वेगळी खाट तयार केली. जाळीवर झोपवलेल्या रुग्णावर सुमारे १५ अंशांच्या पाण्याचे बारीक तुषार आणि वरून मुद्दाम गरम ठेवलेल्या हवेचा झोत. कातडी गरम राहायची, वाफ भराभर व्हायची. दुसरीकडे अमेरिकेत फॅलमथच्या रस्ता शर्यतीत कोसळणाऱ्या धावपटूंना थेट बर्फाच्या टबात घातलं जाई. तिथल्या १८ वर्षांतल्या २७४ रुग्णांची नोंद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळे वाचले होते. पारा मिनिटाला सरासरी ०.२ अंशांहून थोड्या जास्त वेगाने उतरत होता. तुषार-वाऱ्याने तो साधारण त्याच्या निम्म्याने किंवा त्याहूनही हळू उतरतो. रक्तवाहिन्या आक्रसतात हे खरं, पण पाणी हवेच्या कितीतरी पट वेगाने उष्णता ओढतं, त्यापुढे ते आक्रसणं फिकं पडतं.

ते धावपटू तरुण आणि धडधाकट होते, हे मात्र विसरू नये. नागपुरात आणले जाणारे बरेचसे रुग्ण म्हातारे, मधुमेही, दारूचं व्यसन असलेले, फुटपाथवर राहणारे. अशांना टबात ठेवून नाडी, रक्तदाब, श्वास यांवर लक्ष ठेवणं अवघड जातं. त्यांच्यासाठी भिजवणं आणि वारा हा कमी जोखमीचा मार्ग आहे, आणि नागपूरची कोरडी हवा त्याला अनुकूल आहे. बांधकामावरचा तरणा मजूर कोसळला तर त्याला टब. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात बर्फाच्या पाण्याच्या टबांसह उष्माघात कक्ष सुरू झाला, तेव्हापासून आपल्याकडेही टबाची चर्चा वाढली आहे.

वॉर्डाबाहेरची, म्हणजे शहराच्या पातळीवरची व्यवस्था फार अलीकडची. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यातून २०१३ साली तिथे उष्णता कृती आराखडा आला. त्याच वर्षी मे महिन्यात नागपूरने ४७.९ अंश नोंदवले. २०१६ मध्ये नागपूरचा आराखडा तयार झाला. हवामान खात्याचा इशारा आला की कोणी काय करायचं, हे त्यात आधीच ठरवलेलं असतं : बागा दुपारी उघड्या, पाणपोया, मजुरांना दुपारची सुट्टी, रुग्णालयांत खाटा. दुपारी सिग्नल बंद ठेवणं आणि चौकात हिरव्या जाळीचे मांडव घालणं हे यातलं सगळ्यात डोळ्यांत भरणारं काम. ते चांगलंच आहे. पण सिग्नलवर दीड मिनिट थांबणारा दुचाकीस्वार हा उष्माघाताचा मुख्य रुग्ण नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात १४ जण दगावले, तेव्हा तिथला पारा नागपूरच्या मानाने काहीच नव्हता. घात केला तो दमट हवेने आणि तासन्‌तास उघड्यावर बसण्याने.

आकड्यांच्या वेडाबद्दलही एक टीप. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. यंत्रातला संवेदक बिघडला होता, असा खुलासा हवामान खात्याने केला. सपाट प्रदेशात ४५ अंश म्हणजे उष्णतेची लाट आणि ४७ म्हणजे तीव्र लाट, हे खात्याचे निकष. रात्रीचा पारा तिशीखाली उतरला नाही तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही, हे मात्र या दिवसाच्या आकड्यात दिसत नाही.

रुग्णवाहिकेची सोयही तरुणच आहे. हैदराबादेत २००५ मध्ये सुरू झालेला १०८ क्रमांक महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत आला. ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक, आणि गाडीत डॉक्टर. यामुळे रुग्ण लवकर पोचू लागला. तोटा एकच झाला : गाडी बोलावली म्हणजे आपलं काम संपलं, असं लोकांना वाटू लागलं. उष्माघातात हे महागात पडतं. कोसळल्यापासून अर्ध्या तासात शरीराचा पारा ३९ च्या खाली आणायचा असतो. गाडी यायला आणि 'मेडिकल'च्या दारात पोचायलाच तेवढा वेळ जातो. गाडीतला एसी हवा गार करतो, ४१ अंशांवर गेलेलं शरीर नाही.

म्हणून आजचा नियम असा की थंड करायला जागेवरच सुरुवात करायची आणि गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. ओळखायची खूण कोरडी कातडी नव्हे. मजुरांना उष्माघातात घाम चालू असू शकतो. खूण म्हणजे तापलेलं अंग आणि बिघडलेली शुद्ध : बरळणं, झोकांड्या, झटके, बेशुद्धी. काखेतलं थर्मामीटर आतल्यापेक्षा कमी दाखवतं, आणि काचेच्या थर्मामीटरची पट्टी ४२ ला संपते. काखेत ३९ आणि माणूस बरळतो आहे, तर उष्माघातच धरावा.

१०८ ला फोन, सावली, अंगावरचे जाड कपडे आणि बूट काढणं ही कामं एकाच वेळी. मग साधं नळाचं पाणी सर्वांगावर ओतत राहायचं आणि कूलरचा, पंख्याचा किंवा पुठ्ठ्याचा वारा. कोरड्या अंगावर ४४ अंशांचा वारा घालणं म्हणजे भट्टीला भाता, आधी भिजवायचंच. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मान, काख आणि जांघेत, पण ही जोड समजायची, मुख्य उपचार नव्हे. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवायचं आणि तोंडात थेंबही घालायचा नाही, पाणी श्वासनलिकेत जातं.

बांधकामावर किंवा मंडईत टब कुठून आणणार? तिथे ताडपत्री असते. आठ बाय दहा फुटांच्या ताडपत्रीवर माणसाला ठेवून चौघांनी कडा उचलून धरायच्या, मध्ये ७५ ते १०० लिटर पाणी आणि दहा-पंधरा किलो बर्फ ओतायचा, आणि पाणी हिंदकळवत राहायचं. डोकं बाहेर, ते धरायला पाचवा माणूस. मोजायला काही नसेल तर साधारण १५ मिनिटं. थरथर सुटली किंवा शुद्ध आली की बाहेर काढायचं, नाहीतर पारा गरजेपेक्षा खाली जातो.

नेमक्या चुका ठरलेल्या आहेत. पॅरासिटामॉल देतात, तापात मेंदूने स्वतःच पारा वर चढवलेला असतो, तो या गोळीने उतरतो. उष्माघातात तसं काही झालेलंच नसतं, म्हणून गोळी निरुपयोगी, आणि यकृत आधीच भाजत असताना घातकही. खिशातल्या कांद्याने बिघडत काही नाही, घडतही काही नाही. ओआरएसचा गोंधळ थोडा वेगळा. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीविरुद्ध वापरलेलं हे पाणी आज २०.५ ग्रॅमच्या पुडीत मिळतं, एक लिटरसाठी. थकवा, गोळे येणं, चक्कर, पण शुद्ध साबूत, अशा माणसाला ते किंवा मीठ घातलेलं पन्हं, ताक जरूर द्यावं. उष्माघात झाल्यावर तोंडाने काही देण्याची वेळ गेलेली असते. आणि घोळणा फुटला म्हणजे ऊन लागलंच असं नाही. डोकं मागे न टाकता पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरला की बहुधा थांबतो.

मृतांचे आकडे दरवर्षी वादात का सापडतात, त्याचं कारणही वैद्यकीयच आहे. शवविच्छेदनात उष्माघाताची स्वतःची अशी खूण नसते. मृत्यूआधी मोजलेलं तापमान, सापडलेली जागा आणि इतर कारणं वगळणं, यांवरच निदान होतं. फुटपाथवर सकाळी सापडलेल्या अनोळखी माणसाचं तापमान कोणी मोजलेलं नसतं. म्हणून तो 'संशयित' राहतो आणि मृत्यूचं कारण तपासणाऱ्या समितीपुढे जातो.

नवतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपून मान्सून टेकायच्या आधीच्या आठवड्यात धोक्याची जात बदलते. पारा ४० ला उतरलेला असतो, लोक निर्धास्त होतात, पण हवेत ओल आलेली असते. कूलर चिकट वारा फेकू लागतो, घाम वाळत नाही, टपकतो. त्या दिवसांत भिजवून वारा घालण्याने पारा फारच सावकाश उतरतो. तेव्हा बर्फ आणि ताडपत्री आधी.