पद्मिनीचं स्टीअरिंग हलतंय? आधी सांधे बघा

पद्मिनी म्हटलं की मुंबईकराला काळीपिवळीच आठवते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही फियाट, शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून गेली, पण खासगी पद्मिनी लोकांनी अजून जीवापाड जपल्यात. काकांची तशीच एक आमच्याकडे उभी आहे आणि मागच्या उन्हाळ्यात मी तिचे पुढचे सांधे उघडून बसलो, कारण पन्नासच्या पुढे गेलं की स्टीअरिंग थरथरायचं आणि गाडी आपल्याच मनाने डावीकडे उजवीकडे जायची.

दोष स्टीअरिंगच्या चाकात नसतो हो, दोष असतो वाटेत. स्टीअरिंग बॉक्सपासून टायरपर्यंत हालचाल पोचते ती टायरॉड एंडच्या (चाकाला ढकलणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) गोळ्यांमधून आणि किंगपिनमधून, म्हणजे ज्या उभ्या खिळीभोवती चाक वळतं तिच्यातून. समजा एका जॉइंटमध्ये नुसता 1 मिमी प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे आणि चाक वळवणारा दांडा, स्टीअरिंग आर्म, 150 मिमी लांब आहे, तर चाक जवळपास 0.4 अंश आपोआप फिरू शकतं. ऐकायला काहीच नाही, पण तोच कोन सरळ 100 मीटर पुढे ओढून बघा, 67 सेंटिमीटर फरक पडतो!

आता टायरॉड एंड काढायची गंमत. त्याचा पिन निमुळता असतो आणि निमुळत्या भोकात रुतून बसतो. 1:10 चा टेपर (निमुळतेपणा) धरला तर मधल्या रेषेपासून उतार 3 अंशांच्या आतबाहेर, आणि एवढ्या कमी उताराला कोरड्या लोखंडाचं घर्षण सहज पुरतं, म्हणून नट काढला तरी पिन हलत नाही. नवशिका पिनाच्या टोकावर हातोडा मारतो, आटे चेपतात आणि पिन तिथेच (मीही हेच केलं, उगाच कशाला लपवा). उस्ताद लोक आर्मच्या डोळ्याला, म्हणजे पिन बसते त्या भोकाच्या कडेला, एका बाजूला जड हातोडा टेकवतात आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने सणसणीत ठोकतात, त्या धक्क्याने गोल डोळा क्षणभर किंचित लंबगोल होतो, पकड सुटते आणि पिन टप्पकन खाली. बसवताना मात्र टेपर दोन्हीकडून पुसून कोरडा ठेवायचा, कारण पकडच घर्षणाची आहे, तिथे ग्रीस लावलं तर आपणच ती घालवली. आणि नट सुटू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिन नवीनच टाका, चार पैशांसाठी जुना वाकवून परत घालू नका.

किंगपिनला उलट ग्रीस लागतंच. इंजिनाच्या बेअरिंगमध्ये शाफ्ट गरागरा फिरतो त्यामुळे तेलाचा थर आपोआप तयार होतो, किंगपिन बिचारा थोडासा इकडे थोडासा तिकडे एवढंच हलतो, थर काही बनत नाही, म्हणून जाड ग्रीस मुद्दाम दाबून भरावं लागतं, तेही चाक जॅकवर उचलून, कारण वजन असताना दाबलेल्या बाजूला ग्रीस शिरतच नाही. किंगपिन ज्यात फिरतो ती नवीन बुश (नळी) ठोकल्यावर किंचित आवळते, तेव्हा रीमर (भोक किंचित मोठं करायचं हत्यार) मारून पिनाच्या मापाला आणायची, हे काम लेथवाल्याकडेच द्या.

पुढची कॉइल स्प्रिंग मात्र घाईत सोडवायची नाही. 300 किलोच्या जोराने 10 सेंटिमीटर दबलेली स्प्रिंग म्हणजे साधारण 150 ज्यूल, घरातला रिकामा सिलिंडर एक मीटरवरून पायावर पडला तर जेवढं, तेवढं. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावून हळूहळूच.

मागच्या लीफ स्प्रिंगच्या रबर बुशची गोष्ट वेगळी. नट आवळल्यावर आतली नळी जागच्या जागी पकडली जाते आणि मग रबर घासत नाही, पिळतं. गाडी हवेत असताना, स्प्रिंग लोंबकळत असतानाच नट कसला तर गाडी खाली आल्याआल्या रबर पिळलेल्या अवस्थेतच राहतं, त्यात खड्डे, आणि बुश वेळेआधी फाटते. म्हणून आधी नुसतं हाताने बसवायचं, गाडी चाकांवर उतरवायची, दोनचार वेळा दाबून हलवायची आणि मगच पूर्ण टाइट करायचं.

शेवटी टो, म्हणजे पुढची चाकं वरून बघितलं तर आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते. टायरॉडला एका टोकाला उलटे आटे असतात, नळी फिरवली की लांबी वाढते नाहीतर कमी होते. काढताना आटे मोजून ठेवले होते तरी नवीन एंड थोडे लांब निघाले, चाकं सरळ राहिली नाहीत, मग सुतळी ताणून अंदाजे सरळ केली आणि सावकाश, दुसऱ्या गिअरच्या वर न जाता, अलाइनमेंटवाल्याकडे नेली.